माचा उकळू नका, घुसळा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पुण्याला, नागपूरला शिकणारी मुलं सुट्टीत गावी येताना हल्ली हिरव्या भुकटीचा छोटा डबा घेऊन येतात. घरात कुणी तरी तो उघडतं, चहासारखा उकळून पाहतं, आणि मग आम्हाला पत्र येतं. माचा लाटेबद्दलची अशी बरीच पत्रं साठली होती. त्यांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र घेतले आहेत.

आधी भुकटीबद्दल थोडं. माचा हा जपानी हिरवा चहा. तोडणीच्या आधी तीन-चार आठवडे चहाची झुडपं आच्छादनाखाली सावलीत ठेवतात. ऊन कमी मिळालं की पान जास्त हरितद्रव्य धरतं, तुरटपणा कमी होतो आणि थिअनिन नावाचं द्रव्य टिकून राहतं. माचाला जी मऊ, किंचित गोडसर चव असते ती याच द्रव्यामुळे. मग पान वाफवायचं, न वळता सुकवायचं, देठ-शिरा वेगळ्या करायच्या आणि उरलेला पानाचा गर दगडी जात्यावर दळायचा. असं जातं तासाभरात ३० ते ४० ग्रॅमच भुकटी देतं. क्योतोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ आणि दक्षिणेकडचं कागोशिमा ही जपानमधली माचाची प्रसिद्ध ठिकाणं. लाटे म्हणजे दुधातलं पेय. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थच दूध.

प्रश्न : लेकीनं आणलेला माचा आम्ही नेहमीच्या चहासारखा केला. गंजात दूध, पाणी, साखर उकळलं, त्यात दोन चमचे भुकटी टाकली, दोन उकळ्या आणल्या. रंग शेवाळासारखा झाला, चव कडूजहर, वर गुठळ्या तरंगत होत्या. लेक म्हणते भुकटी चांगली आहे. मग चुकलं काय?
(एक वाचक भगिनी, आर्वी तालुका)

ताई, भुकटी चांगलीच असणार. तुम्ही तिला चहापत्तीसारखं वागवलं, तिथे घोटाळा झाला. आपल्या दाणेदार पत्तीला उकळी सोसते, उलट उकळीशिवाय तिचा कडकपणा उतरत नाही. शिवाय ती आपण गाळून टाकतो. माचात गाळायला काही नसतंच, सगळं पान पोटात जातं. त्यामुळे उकळत्या दुधात जो तुरटपणा सुटला तो सगळाच्या सगळा तुमच्या कपात राहिला. रंगाचंही तेच. माचाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. खूप उष्णता लागली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि हिरव्याचा खाकी होतो. पालकाची भाजी झाकण ठेवून फार वेळ शिजवली की काळपट पडते, ते याच कारणानं.

गुठळ्यांचं कारण वेगळं आहे. ही भुकटी मैद्याहून कितीतरी बारीक असते आणि डब्यातच तिचे गोळे धरतात. असा कोरडा गोळा गरम दुधात पडला की बाहेरचा थर लगेच ओला होऊन चिकटतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. पिठल्याच्या आधणात बेसन थेट सोडलं की जे होतं तेच. म्हणून पिठल्यासाठी बेसन आधी थोड्या पाण्यात कालवतो, तसंच इथेही करायचं.

एका कपाचं माप असं धरा : माचा २ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा सपाट भरून, शीग न ठेवता. पाणी ६० मिली, म्हणजे चार मोठे चमचे. दूध १५० मिली. साखर एक ते दीड चमचा. तुम्ही दोन चमचे घातलेत ते एका कपासाठी असतील तर दुप्पट झाले.

पसरट वाटी घ्या, स्टीलची चालेल, पण आतून अगदी कोरडी हवी. तिच्यावर बारीक जाळीची स्टीलची गाळणी धरून माचा टाका आणि चमच्याच्या पाठीनं दाबत खाली उतरवा. प्लास्टिकच्या चहाच्या गाळणीची जाळी फार मोठी असते, तिच्यातून गोळे तसेच खाली पडतात. आता त्यात चहाचा एकच चमचा गरम पाणी घाला आणि वाटीच्या कडेला रगडा. चकचकीत दाट लेप व्हायला हवा. बोटावर घेऊन चोळला तर एकही कण लागता कामा नये. मग उरलेलं पाणी घालून घुसळा. बांबूची घुसळणी असेल तर मनगट सैल ठेवून हात पुढे-मागे, इंग्रजी एम काढल्यासारखा, २० ते ३० सेकंद भरभर चालवा. गोल गोल ढवळलं की पाणी नुसतं फिरतं, फेस धरत नाही. वर बारीक फेसाचा थर आला की साखर इथेच विरघळवून घ्या. शेवटी गरम दूध ओता. दूध घातल्यावर कप पुन्हा गॅसवर ठेवायचा नाही.

आणि एक. माचा पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगत राहतो. कप ठेवून कामाला गेलात तर दहा मिनिटांत तळाशी हिरवा गाळ बसेल. त्यात बिघडलं काही नाही, चमचा फिरवून प्या.

प्रश्न : पाणी ७५ अंशाचं हवं असं डब्यावर लिहिलंय. आमच्याकडे स्वयंपाक चुलीवर, थर्मामीटर कुठून आणणार?
(मूल, जि. चंद्रपूर)

थर्मामीटरची गरज नाही, गणित पुरतं. खळखळ उकळलेलं पाणी दोन वाट्या आणि माठातलं पाणी एक वाटी एकत्र करा. उकळतं पाणी १०० अंशांच्या आसपास, माठातलं २५ च्या आसपास, म्हणजे मिश्रण बरोबर ७५ वर येतं. उन्हाळ्यात माठाऐवजी पिंपातलं ३५-४० अंशांचं पाणी घेतलं तर मिश्रण ७८-८० वर जाईल. तेही चालतं. माचासाठी ७० ते ८० ही हद्द आहे.

चुलीवर एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा, धूर. माचाची भुकटी आणि गरम दूध दोन्ही वास फार लवकर धरतात. दूध झाकणाशिवाय धुराच्या बाजूला राहिलं तर पूर्ण कपाला धुराचा वास येतो. चहात तो वास खपतो, काहींना आवडतोही. माचात मात्र दुसरं काही लागतच नाही.

प्रश्न : घरी दोन म्हशी आहेत, दुधाची कमी नाही. पण लाटे करतो तेव्हा माचाची चवच लागत नाही, नुसतं हिरवं दूध लागतं. फेसही येत नाही. विकतचं पाकिटाचं दूध घ्यावं का?
(एक शेतकरी वाचक, मेहकर तालुका)

घरचं दूध सोडून पाकिटाचं घ्यायची काही गरज नाही, भाऊ. फक्त ते कसं वापरायचं ते बदला.

आपल्याकडच्या नागपुरी किंवा पूर्णाथडी म्हशीच्या दुधात स्निग्धांश बराच असतो, साधारण ६ ते ८ टक्के. गाईच्या दुधात साडेतीन-चारच्या आसपास. स्निग्धांश जिभेवर थर धरतो आणि चव दाबतो. शिवाय दुधातलं केसीन हे प्रथिन माचातल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवतं. म्हणून दूध घातलं की तुरटपणा कमी होतो, पण त्याबरोबर माचाची धारही जाते. घट्ट दुधात हे जास्तच होतं. उपाय दोन. तीन भाग दूध आणि एक भाग पाणी असं करून वापरा. किंवा दूध तापवून गार झाल्यावर साय पूर्ण काढून घ्या आणि खालचं दूध वापरा. साय तुपाला लागतेच. दुसरा उपाय आम्हाला जास्त पसंत आहे, कारण त्यात दूध पाणचट होत नाही.

फेसाबद्दल एक गैरसमज दिसतो, की दूध जितकं घट्ट तितका फेस जास्त. फेस धरून ठेवतं ते दुधातलं प्रथिन, साय नव्हे. साय काढलेल्या दुधाला फेस उलट जास्त येतो. दुसरं कारण तापमान. दूध ६० ते ६५ अंशांवर असताना फेस चांगला येतो आणि टिकतो. त्याच्या फार वर गेलं की दुधाला शिजल्याचा वास येतो आणि फेस मोठा, विरळ होऊन लगेच बसतो. बहुतेक घरांत दूध उतू जायच्या बेतात आल्यावरच उतरवतात आणि तसंच घुसळायला घेतात.

घरच्या दुधाची एक अट मात्र सोडू नका. कच्चं दूध ६० अंशांपर्यंत कोमट करून पिऊ नका. ते आधी पूर्ण उकळलंच पाहिजे, नाही तर जनावरांचे आजार दुधातून माणसाला होऊ शकतात. म्हणजे क्रम असा : सकाळी नेहमीसारखं उकळा, गार करा, साय काढा. लाटे करायच्या वेळी तेच दूध मंद आचेवर पुन्हा तापवा. गंजाच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले आणि वाफ उठू लागली, पण मध्यभागी हालचाल नाही, साय धरलेली नाही, की उतरवा. ताक करायची लहान रवी उंच पेल्यात धरून अर्धा मिनिट घुसळा. रवीचा वरचा अर्धा भाग दुधाबाहेर राहू द्या, म्हणजे ती हवा आत ओढेल. रवी सगळी बुडाली तर दूध फिरेल, फेसणार नाही. ताकाची रवी आधी कढत पाण्यानं धुवा. तिच्या खाचांत आंबट अंश राहिला असेल तर गरम दूध फाटेल.

प्रश्न : आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी मचूळ. या पाण्यानं माचा केला की बेचव लागतो आणि वर तवंग येतो. उकळून घेतलं तर चालेल का?
(दर्यापूर, जि. अमरावती)

उकळून अर्धंच काम होईल. पाण्याचा जडपणा दोन तऱ्हेचा असतो. कॅल्शियमच्या बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर पांढऱ्या थराच्या रूपात भांड्याच्या बुडाला बसतो. ते पाणी निवळून घेतलं तर थोडा फरक पडतो. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या पाण्यात मीठही असतं. ते उकळून जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. चहाला अशा पाण्याचा जो तवंग येतो तोच माचालाही येतो. पाण्यातले क्षार आणि चहातली तुरट द्रव्यं एकत्र येऊन तो बनतो. साध्या चहात साखर, अद्रक, दूध यांच्याखाली हे झाकून जातं. माचात झाकत नाही.

तुम्हाला एका कपाला पाणी लागतं ६० मिली. गावातल्या आरओ केंद्रावरून पिण्यासाठी जे कॅनचं पाणी येतं त्यातलंच घ्या, प्रश्न मिटेल. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी सोडून नंतरचं स्वच्छ भांड्यात धरलेलं पाणी गाळून, उकळून घेतलं तर तेही उत्तम, कारण त्यात क्षार जवळपास नसतात. आणखी एक वाट म्हणजे पाणीच टाळायचं. माचाचा लेप आणि पुढची घुसळणी, सगळं कोमट दुधातच करा. फेस थोडा कमी येईल, पण मचूळपणा लागणार नाही.

प्रश्न : बांबूची घुसळणी नसेल तर मिक्सरमध्ये फिरवलं तर?
(पुसद)

फिरवता येईल, पण चटणीचं भांडं नको. लसणाचा आणि तिखटाचा वास त्याच्या रबरात आणि पात्यांच्या खाली मुरलेला असतो, तो साबणानं जात नाही. आणि गरम पातळ पदार्थ झाकण घट्ट लावून फिरवू नका. वाफेनं झाकण उडतं, हात भाजतो. मिक्सर वापरायचाच तर थंड लाटेसाठी वापरा.

सेलवर चालणारी, टोकाला तारेचं कडं असलेली फेसणी हल्ली तालुक्याच्या ठिकाणीही भांड्यांच्या दुकानात मिळते. ती या कामाला चांगली. तीही नसेल तर झाकणाची काचेची बरणी घ्या, निम्मीच भरा, पाणी कोमटपेक्षा गरम नको, आणि २० सेकंद जोरात हलवा. लेप आधी नीट रगडलेला असेल तर घुसळायचं साधन कोणतंही चालतं. लेप कच्चा राहिला तर महागडी घुसळणीही गुठळ्या फोडत नाही.

प्रश्न : बाजारात शंभर रुपयांपासून दोन हजारांपर्यंत माचा मिळतो. ओळखायचा कसा? आणि उन्हाळ्यात आमच्याकडे ४५-४६ अंश तापतं, तेव्हा ठेवायचा कुठे?
(एक शिक्षक वाचक, काटोल)

सर, आधी डब्याची मागची बाजू वाचा. घटकांत एकच नाव हवं, हिरव्या चहाची भुकटी किंवा माचा. साखर, दूध पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन, रंग यांतलं काही असेल तर ते तयार मिश्रण आहे, माचा नव्हे. ते वाईट असेलच असं नाही, पण मग त्यात माचा किती आहे ते बघा आणि किंमत त्या हिशेबानं तोला. 'सेरिमोनियल' असा शब्द डब्यावर ठळक छापलेला असतो. त्या शब्दामागे कोणताही सरकारी दर्जा नाही, कंपनी स्वतःच तो लावते. त्याच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. दुधात घालायला मधल्या किमतीचा माचा पुरतो. नुसत्या पाण्यात प्यायचा असेल तरच वरचा घ्या.

डबा उघडल्यावर चिमूटभर भुकटी पांढऱ्या कागदावर ठेवून बोटानं एकदाच ओढा. चांगला माचा टाल्कम पावडरसारखा लागतो आणि कागदावर सलग, ताज्या हिरव्या रंगाचा पट्टा उमटतो. साधा हिरवा चहा दळलेला असेल तर पट्टा तुटक, पिवळसर दिसतो आणि बोटाला रवाळ लागतं. वास ताज्या कापलेल्या गवताचा हवा. कुटारासारखा वास आला तर माल जुना आहे. हिरवा चहा घरच्या मिक्सरमध्ये दळून माचा होईल का, असंही काहींनी विचारलंय. होत नाही. ते पान सावलीत वाढलेलं नसतं, शिरा त्यात तशाच असतात आणि मिक्सर भुकटी तापवतो.

ठेवण्याबद्दल. माचाला चार गोष्टी सोसत नाहीत : उजेड, हवा, उष्णता आणि ओल. काचेच्या पारदर्शक बरणीत कधीच नको. ३० ग्रॅमचाच डबा घ्या, रोज एक कप केला तर १५ दिवसांत संपतो. उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवावा. मार्च ते जून तो फ्रिजमध्येच ठेवा, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा दुसऱ्या डब्यात. तसं नाही केलं तर संभार (कोथिंबीर) आणि कापलेला कांदा दोन दिवसांत माचात उतरतात.

आता ज्या चुकीनं सर्वांत जास्त माचा वाया जातो ती. फ्रिजमधून काढलेला गार डबा लगेच उघडायचा नाही. बाहेरची गरम हवा आत शिरते, गार भुकटीवर तिचं दव धरतं आणि एका आठवड्यात भुकटीचे खडे होतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तोच घाम इथे भुकटीला येतो. डबा बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या, मग उघडा. रोज हे जमणार नाही, म्हणून आठवड्यापुरता माचा लहान डबीत काढून बाहेर अंधाऱ्या, गार जागी ठेवा आणि मोठा डबा आठवड्यातून एकदाच बाहेर काढा. लाइट वारंवार जात असेल तर हीच पद्धत जास्त सोयीची. चमचा कोरडा हवा, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ चालेल का?
(साकोली)

चालेल, पण दोन गोष्टी होतील. गुळाचा तांबूस रंग हिरव्यात मिसळून पेय मातकट दिसेल, आणि गूळ गरम दुधात थेट घातला तर दूध फाटू शकतं, कारण बऱ्याच गुळात आंबट अंश असतो. गूळ माचाच्या पाण्यात विरघळवून, गाळून घ्या आणि दूध नंतर, जरा निवल्यावर घाला. रंग राखायचा असेल तर खडीसाखर दळून वापरा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गावातल्या काही मुली आणि एक गर्भवती ताई माचा पिऊ लागल्यात. यांना लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. माचा चालतो का?
(यवतमाळ जिल्हा)

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार, ताई. याचं उत्तर गावात सगळ्यांना ऐकवा.

चहातली तुरट द्रव्यं धान्य-डाळी-पालेभाज्यांतल्या लोहाला आतड्यात बांधून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. साधा चहा हे करतो, माचाही करतो. माचात पूर्ण पान पोटात जात असल्यानं जास्तच काळजी घ्यावी. त्यात लाटेमध्ये दूध, आणि दुधातला कॅल्शियमही लोहाच्या आड येतो. म्हणून शाळकरी मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी असो वा गर्भवतींची लाल गोळी, ती माचा, चहा किंवा दुधासोबत कधीही घ्यायची नाही. गोळी आणि माचा यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर लोह चांगलं अंगी लागतं. जेवणाबाबतही हेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलंय.

कॅफिनचा हिशेब असा. २ ग्रॅम माचात साधारण ६० मिलीग्रॅम कॅफिन येतं, मालावर थोडं कमी-जास्त. गर्भारपणात दिवसभराचं कॅफिन २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, आणि त्यात चहा, कॉफी, कोला सगळं धरायचं. त्या ताई दिवसातून तीन-चार वेळा चहा घेत असतील तर माचा त्याच्या जोडीला नको, एखाद्या चहाच्या जागी घ्यावा, तोही डॉक्टरांना विचारून. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढे महिने थांबलेलंच बरं. लहान मुलांना माचा देऊच नका. आणि कुणाला रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन सुरू असेल तर माचा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हिरव्या पानातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं.

उपाशीपोटी माचा घेतल्यावर मळमळतं, अशी तक्रार एका मुलीची होती असं तुम्ही लिहिलंय. ते होतं. काही खाल्ल्यावर तास-दीड तासानं घ्यावा.

प्रश्न : आमच्या बागेत संत्री आहेत. माचा आणि संत्र्याचा रस असं काही करता येईल का?
(वरुड तालुका)

करता येईल, आणि चांगलं लागतं. फक्त दूध त्यात कुठेही नको, संत्र्याच्या आंबटपणानं ते फाटेल. २ ग्रॅम माचा ५० मिली गरम पाण्यात नेहमीसारखा घुसळून थंड करा, साखर न घालता. काचेच्या पेल्यात बर्फ घाला, त्यावर १५० मिली ताजा रस, मध्यम आकाराची तीन संत्री त्याला पुरतात. मग चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून माचा हळू सोडा. रसात साखर असल्यानं तो जड, माचाचं पाणी हलकं, म्हणून खाली केशरी आणि वर हिरवा थर राहतो. पिताना ढवळायचं.

रस हातानं पिळा. संत्र्याच्या फोडी बियांसकट मिक्सरमधून काढल्या की बियांचा कडवटपणा रसात उतरतो. पिळून ठेवलेला नागपुरी संत्र्याचा रससुद्धा थोड्या वेळानं आपोआप कडवट होत जातो, हे तुम्हा बागाईतदारांना माहीत आहेच. त्यावर माचाचा कडवटपणा चढला की पिववत नाही. म्हणून पिळला की लगेच. रसातल्या आम्लानं हिरवा रंगही हळूहळू मळतो, तेव्हा पाहुण्यांसमोर पेला त्याच क्षणी तयार करा. आंबिया बहाराची फळं घरात असतात ते नोव्हेंबर-डिसेंबर या पेयाचे महिने. तेव्हा थंडी असेल तर बर्फ वगळा.

प्रश्न : बसस्थानकासमोर माझी रसवंती आहे. उन्हाळ्यात थंड माचा लाटे ठेवावा म्हणतो. परवडेल का? गर्दीत एकेक कप घुसळत बसणं जमणार नाही.
(एक तरुण वाचक, अचलपूर)

परवडण्याचा हिशेब आधी मांडू. १०० ग्रॅमचं पाकीट १८०० रुपयांना पडलं असं धरा. ग्रॅमला १८, पेल्याला २ ग्रॅम म्हणजे ३६ रुपये. दूध १५० मिली, ६० रुपये लिटरनं ९ रुपये. साखर, बर्फ, पेला मिळून ६-७. म्हणजे ५२ रुपये खर्चात गेले, आणि सांडलवंड वेगळी. ८० च्या खाली विकलं तर हाती फारसं काही उरणार नाही. रसाच्या पेल्याला जे गिऱ्हाईक येतं ते एवढे पैसे देईल का, हे तुम्हीच ओळखाल. आमचं मत विचाराल तर एकदम पाकीट उघडू नका. ३० ग्रॅमवर आठवडाभर अंदाज घ्या, कॉलेजच्या वेळेत. उघडलेलं मोठं पाकीट उन्हाळ्यात पडून राहिलं तर नुकसान तिथेच होतं. माचा कमी घालून स्वस्त करण्याच्या मोहात पडू नका. एक ग्रॅम माचा बर्फात आणि दुधात लागतच नाही, गिऱ्हाईक एकदाच येतं.

गर्दीसाठी सकाळी अर्क करून ठेवा. २० ग्रॅम माचा चाळा, आधी थोड्या पाण्यात लेप करा, मग ७५ अंशांचं एकूण ३०० मिली पाणी घालून मोठ्या रवीनं घुसळा. साखर यातच घाला, पेल्याला दोन चमच्यांच्या हिशेबानं २० चमचे. पुन्हा एकदा गाळा, थंड करा आणि काचेच्या बाटलीत तोंडापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा. बाटलीत हवा कमी राहिली की रंग जास्त टिकतो. साखरेनं अर्काचं माप वाढून साधारण ३६० मिली होतं, म्हणून पेल्याला ३५ मिली घ्या, दहा पेले होतील. दर वेळी बाटली हलवूनच ओता, नाही तर पहिले पेले फिके आणि शेवटचे कडू होतात. संध्याकाळी उरलेला अर्क टाकून द्या. दुसऱ्या दिवशी तो खाकी पडतो आणि चव बसते.

पेल्यात आधी पाच-सहा बर्फाचे खडे, मग थंड दूध, शेवटी अर्क.  दूध सकाळी उकळून, साय काढून फ्रिजमध्ये पूर्ण थंड केलेलं हवं. बर्फ खाण्याचाच घ्या. अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे, निळसर लादी दिसली तर ती पेल्यासाठी नाही. रसवंतीची अन्न नोंदणी असेल तर दुधाचं पेय सुरू करताना त्यात तशी भर लागते का, हे तुमच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

उसाच्या रसात माचा घालून बघायचा असेल तर लिंबू-अद्रक न टाकलेल्या ताज्या रसात घाला, वेगळी साखर लागत नाही. पण उसाचा रस उघडा राहिला की काळपट होतो आणि हिरवा रंगही सोबत नेतो. पाच मिनिटांत संपणारा पेला असेल तरच.

प्रश्न : बांबूच्या घुसळणीला पावसाळ्यात बुरशी आली. फेकावी का?
(गोंदिया)

बुरशी काड्यांच्या बुडाशी, दोऱ्याजवळ काळी पडून आत शिरली असेल तर फेका, ती धुऊन निघत नाही. पुढच्या वेळी साबण लावू नका, बांबू साबण पितो आणि मग तो फेसात उतरतो. वापरण्याआधी काड्यांची टोकं एक मिनिट कोमट पाण्यात बुडवा, म्हणजे त्या लवचिक होतात आणि तुटत नाहीत. झालं की नुसत्या कोमट पाण्यात दोनदा घुसळून काढा, झटका, आणि हवेशीर जागी टोकं खाली ठेवून टांगा. ज्या डब्यात ती विकत आली, त्या प्लास्टिकच्या डब्यात पावसाळाभर परत घालायची नाही.